वास्तुशांतीच्या आधी वीज, पाणी, गॅस : नव्या घराच्या जोडण्या कशा घ्याव्यात

आखाजीचा मुहूर्त धरून नव्या घरात जाणारी कुटुंबं चोपड्यात आणि आजूबाजूच्या गावांत दरवर्षी असतात. वैशाखातलं ऊन, घरभर पाहुणे, स्वयंपाकाची धांदल, आणि नेमकं मीटर बसलेलं नाही किंवा नळ जोडून मिळालेला नाही, अशी वेळ त्यातल्या अनेकांवर येते. मग शेजारच्या घरातून वायर ओढली जाते, पाण्याचा टँकर बोलावला जातो, आणि चार दिवसांची सोय म्हणता म्हणता पावसाळा उजाडतो.

या विषयावर वाचक जे विचारतात ते फिरून फिरून तेच असतं :

- आधी घरपट्टीला नाव लावायचं की आधी मीटर घ्यायचं?
- जुन्या मालकानं थकवलेलं लाइट बिल आम्ही का भरायचं?
- बांधकामासाठी घेतलेलं मीटर तसंच चालू ठेवलं तर काय बिघडतं?
- घरमालक संमती देत नाही, मग भाडेकरूनं मीटर मागायचं कसं?

या अडचणी खांबावर किंवा पाइपात फार कमी वेळा असतात. त्या बहुधा नावात असतात. घर एकाच्या नावावर, घरपट्टी दुसऱ्याच्या, बिल कधीच वारलेल्या आजोबांच्या आणि गॅसचं पुस्तक पुण्यातल्या पत्त्यावर, असं असलं की प्रत्येक खिडकीवर नवा कागद मागितला जातो. म्हणून सुरुवात कागदांपासून करा. तारेचं काम त्यानंतर काही दिवसांत होतं.

कागदांची फाइल : मुहूर्ताच्या तीन महिने आधी

एक फाइल करा आणि प्रत्येक कागदाच्या तीन-चार झेरॉक्स त्यात ठेवा.

- खरेदीखत आणि इंडेक्स २. घर वडिलोपार्जित असेल तर वारसनोंद झालेला उतारा.
- नगरपरिषद हद्दीत मालमत्ता कर आकारणीचा उतारा, ज्याला आपण असेसमेंट उतारा म्हणतो, आणि घरपट्टीची चालू पावती. अडावद, चहार्डी, लासूर अशा गावांत ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा.
- बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र.
- आधार, पॅन, फोटो आणि रोज वापरात असलेला मोबाइल क्रमांक.

यातलं भोगवटा प्रमाणपत्र बहुतेक जण मागे ठेवतात. स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्याला वाटतं, हे प्रमाणपत्र शहरातल्या फ्लॅटवाल्यांचं काम. तसं समजू नका. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं देशभरातल्या यंत्रणांना निर्देश दिले आहेत की वीज, पाणी आणि मलनिस्सारण या जोडण्या इमारतीचं पूर्णत्वाचं किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्यानंतरच द्याव्यात. आजवर नुसत्या घरपट्टीच्या पावतीवर मीटर मिळालेल्या शेजाऱ्याचा दाखला तुमच्या अर्जाला लागू पडेलच असं आता धरून चालू नका. मंजूर नकाशापेक्षा एखादी खोली पुढे काढली असेल किंवा सामासिक जागेत जिना आला असेल, तर भोगवट्याच्या वेळी तो मुद्दा निघणारच. तुमच्या अभियंत्याला घराचा रंग होण्याआधी विचारा.

प्लॉट अजून घ्यायचाच असेल तर एक तपासणी जागेवर उभं राहून करा. बिनशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन पाहिलंत, ठीक आहे. आता सगळ्यात जवळचा विजेचा खांब किती अंतरावर आहे, रोहित्र कुठे आहे, नगरपरिषदेची पाण्याची लाइन त्या गल्लीपर्यंत आली आहे का, आणि कॉलनीचे रस्ते नगरपरिषदेकडे हस्तांतरित झाले आहेत का, हे पाहा. "खांब येणारच आहेत" हे वाक्य लेखी घ्या. तोंडी दिलेल्या शब्दावर प्लॉट घेऊन वर्ष-दोन वर्षं खांबाची वाट पाहणारी घरं आपल्या जिल्ह्यात थोडी नाहीत.

वीज : नवं मीटर

आपल्याकडे अजूनही लोक "एमएसईबीत जाऊन आलो" म्हणतात. मंडळाचं विभाजन २००५ मध्ये झालं आणि तेव्हापासून घरगुती वीज पुरवण्याचं काम महावितरणचं आहे. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर करता येतो, तसाच चोपड्यातल्या कार्यालयातही. मी ऑनलाइन अर्जाचा आग्रह धरेन. त्यात अर्जाचा क्रमांक आणि तारीख तिथल्या तिथे मिळते, आणि पुढे मुदतीचा हिशेब याच तारखेवरून करता येतो. कागदी अर्ज दिलात तर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

घरगुती जोडणीला मूळ पुरावे दोन : तुम्ही कोण आहात याचा आणि ती जागा तुमच्या मालकीची किंवा ताब्यात आहे याचा. त्यासोबत वायरिंग तपासल्याचा टेस्ट रिपोर्ट, तोही परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा. घराची वायरिंग करणारा माणूस कितीही हुशार असला तरी परवाना नसेल तर त्याच्या सहीला किंमत नाही. काम देतानाच हे विचारा.

त्यानंतर कोटेशन येतं. त्यात जोडणीचा आकार आणि सुरक्षा ठेव असते. कोटेशनचे पैसे ऑनलाइन किंवा कार्यालयात भरा आणि पावती घ्या. मधल्या माणसाच्या हातात "सगळं मिळून" रोख रक्कम देऊ नका. कोटेशनवर जेवढं लिहिलं आहे तेवढंच देणं तुमच्यावर आहे. सुरक्षा ठेव साधारण दोन महिन्यांच्या बिलाइतकी असते. ती तुमचीच रक्कम आहे, तिच्यावर कायद्यानं व्याज मिळतं आणि ते बिलात जमा होतं.

मुदत किती? केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये सुधारणा झाली. परिपूर्ण अर्ज दिल्यानंतर महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस, ही नव्या जोडणीची कमाल मुदत आहे. डोंगराळ ग्रामीण भागासाठी ती ३० दिवस. म्हणजे चोपडा शहरात ७, अडावदला १५, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पुढे डोंगरातल्या पाड्यांवर ३०. नवे खांब टाकावे लागणार असतील किंवा रोहित्राची क्षमता वाढवावी लागणार असेल तर जास्त वेळ लागतो. म्हणून "आमच्या जोडणीला नवं काम लागणार आहे का?" हा प्रश्न अर्ज करतानाच विचारा.

भार किती मागायचा? इथे बरेच जण अंदाजानं आकडा लिहितात. कागद-पेन घेऊन बसा. दीड टनाचा एसी साधारण दीड ते पावणेदोन किलोवॅट, गिझर दोन किलोवॅट, एक हॉर्सपॉवरची मोटर पाऊण किलोवॅट, इस्त्री एक किलोवॅट, कूलर दोन-अडीचशे वॅट. मे महिन्यातली दुपार डोळ्यांसमोर आणा : एसी चालू, फ्रिज चालू, पाणी आलंय म्हणून मोटर चालू, आणि कुणीतरी इस्त्री लावली. एवढा भार एकाच वेळी पडणार असेल तर एक किलोवॅटचा मंजूर भार लिहिण्यात अर्थ नाही. बोअरची मोठी मोटर किंवा दोन एसी असतील तर थ्री फेज घ्यायचा का, हे ठेकेदाराशी आधीच बोला. नंतर भार वाढवता येतो, पण अर्ज पुन्हा, कोटेशन पुन्हा.

वायरिंगच्या वेळी दोन गोष्टींत काटकसर नको. एक, गळतीचा प्रवाह पकडून वीज तोडणारा आरसीसीबी. दुसरी, अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोरड्या मातीत अर्थिंग नीट काम करत नाही. अर्थिंगचा खड्डा फरशीखाली बुजवू नका. त्याला झाकण ठेवा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा. घरात लोखंडी कूलर असेल तर हे जिवाशी संबंधित आहे. ओल्या हातानं कूलरला लागून दगावलेल्यांच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. त्यातले कित्येक जीव धड अर्थिंगनं आणि एका आरसीसीबीनं वाचले असते.

बांधकामाचं मीटर, शेजारची वायर, शेतातली लाइन

या तीन ठिकाणी लोक अजाणता अडकतात.

बांधकामासाठी मिळते ती तात्पुरती जोडणी. तिचा दर घरगुती दरापेक्षा जास्त असतो आणि तिचा उद्देशही वेगळा. घर पूर्ण झालं की ती बंद करून कायमस्वरूपी घरगुती जोडणीचा अर्ज करा आणि आधीची ठेव परत मागा.

शेजारच्या मीटरवरून वायर घेणं हा आपल्याकडे शेजारधर्म समजला जातो. कायदा तसं मानत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे ज्या जागेसाठी वीज मंजूर झाली त्यापेक्षा वेगळ्या जागेत ती वापरणं हा अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुपटीनं होते. हा भुर्दंड ज्याच्या नावावर मीटर आहे त्या शेजाऱ्याच्या बिलात येतो. मदत करणाऱ्या माणसाला या संकटात टाकू नका.

तिसरं, शेतातलं घर. केळीच्या मळ्यात राहायला जाणारी कुटुंबं पंपाच्या लाइनवरूनच दिवे लावतात. शेतीपंपाचा दर आणि उद्देश दोन्ही वेगळे, त्यामुळे इथेही कलम १२६ लागू होऊ शकतं. शिवाय शेतीच्या फीडरवर वीज ठरावीक तासच असते. शेतातल्या राहत्या घरासाठी घरगुती जोडणी वेगळी मागता येते. गावठाण फीडर किती लांब आहे यावर तिचा खर्च आणि वेळ ठरतो.

जुनं घर विकत घेताय? मग थकबाकीचा प्रश्न आधी

"वीज त्यानं वापरली, बिल मी का भरू?" हा राग समजण्यासारखा आहे. पण राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार आधीच्या मालकाची किंवा ताबेदाराची थकबाकी ही त्या जागेवरचा बोजा मानली जाते आणि नव्या मालकाकडून वसूल करता येते. अशी वसुली नियमांत असेल तर ती वैध आहे, असं सर्वोच्च न्यायालयानंही मे २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

पण त्याच विनियमात तुमचं संरक्षणही आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. वारसदार सोडून इतर नव्या मालकावर येणारी ही जबाबदारी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या वीज आकारापुरती मर्यादित आहे. दहा वर्षांची थकबाकी दाखवून "ती पूर्ण भरा, मगच नवं मीटर" असं कोणी म्हटलं तर हा नियम लेखी दाखवा आणि लेखी उत्तर मागा. वारसाहक्कानं घर आलं असेल तर मात्र ही मर्यादा लागू नाही.

म्हणून खरेदीखतावर सही करण्याआधी :

1. विक्रेत्याकडून शेवटचं बिल घ्या आणि त्यावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी स्वतः तपासा.
2. घरात मीटर दिसत नसेल तर जास्त सावध व्हा. कायमस्वरूपी तोडलेल्या जोडणीची, म्हणजे पीडी झालेली, थकबाकी त्या पत्त्यावर असू शकते. अशा जागांसाठी महावितरणनं २०२४ मध्ये अभय योजना आणली होती. सध्या तशी सवलत चालू आहे का, हे कार्यालयात विचारा.
3. ताबा घेताना मीटरवरच्या आकड्याचा फोटो काढा. काचेवरचा आकडा, मीटरचा क्रमांक आणि त्या दिवसाची तारीख दिसेल असा. त्या आकड्यापर्यंतचं बिल विक्रेत्याचं, हे खरेदीखतात किंवा ताबापावतीत लिहून घ्या.
4. नाव बदलण्यासाठी विक्रेत्याचं संमतीपत्र त्याच दिवशी सहीसह घ्या. महावितरणकडे जमा असलेली त्याची सुरक्षा ठेव तुमच्या नावावर जाणार की त्याला परत द्यायची, हेही त्याच वेळी ठरवा.

नाव बदलण्याचं काम "बिल तर येतंय, भरतोय" म्हणून टाळलं जातं. ते टाळू नका. छतावर सौर पॅनल बसवायचं म्हटलं की पहिला प्रश्न बिलावरच्या नावाचा निघतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त क्षमतेला ७८ हजार रुपये अनुदान आहे, आणि आपल्या जळगाव-धुळ्याच्या उन्हात ते पॅनल भरपूर काम करतं. बिल अजून पणजोबांच्या नावावर असेल तर आधी तेच काम करावं लागतं. बिलावरची व्यक्ती हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडून अर्ज करा.

भाड्याच्या घरात जाताना

वीज कायद्याच्या कलम ४३ मध्ये वीज मागण्याचा हक्क "मालक किंवा ताबेदार" या दोघांनाही आहे. भाडेकरू हा ताबेदार. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की वीज ही मूलभूत सोय आहे आणि घरमालक ना-हरकत देत नाही एवढ्या कारणानं भाडेकरूला तिच्यापासून वंचित ठेवता येत नाही. वीज पुरवठादारानं पाहायचं ते एवढंच की अर्जदार खरोखर त्या जागेत राहतो का.

तुमच्याकडे त्याचा पुरावा मात्र हवा. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करा आणि नोंदवून घ्या. एकाच मीटरवर दोन-तीन बिऱ्हाडं आणि मध्ये सबमीटर, अशी पद्धत चोपड्यात बरीच आहे. तसं असेल तर युनिटचा दर करारात लिहा, आणि दर महिन्याला मूळ बिल पाहायला मिळेल असंही लिहा. सबमीटरचा पहिला आकडा दोघांनी मिळून नोंदवा.

पाणी : नळ आणि त्याआधीची टाकी

खानदेशात रोज नळाला पाणी येणं हे भाग्य सगळ्या गावांना नाही. काही ठिकाणी ते एक दिवसाआड, तर काही ठिकाणी आठवड्यानं. त्यामुळे नळजोडणीइतकाच महत्त्वाचा प्रश्न साठवणीचा आहे. तुमच्या गल्लीत दोन पाळ्यांमध्ये किती दिवस जातात, ते शेजारच्या बायकांना विचारा. कागदावरच्या वेळापत्रकापेक्षा त्यांचं उत्तर खरं असतं. मग माणसी दिवसाला निदान १०० लिटर धरा. पाच माणसं, चार दिवस, म्हणजे दोन हजार लिटर. जमिनीखालचा हौद याहून लहान ठेवू नका. तो बांधून झाला की पुढे मोठा करता येत नाही.

नळजोडणीचा अर्ज नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात करायचा. सोबत घरपट्टीची चालू पावती, मालकीचा उतारा, ओळखीचा पुरावा. अनामत, जोडणी शुल्क आणि रस्ता फोडावा लागणार असेल तर रस्ता खोदाईची रक्कम भरल्यावर परवानगी मिळते. मुख्य लाइनवर फेरूल बसवून तिथून तुमच्या दारापर्यंत पाइप येतो. ते काम मान्यताप्राप्त प्लंबरकडून आणि नगरपरिषदेच्या माणसासमोर करून घ्या.

घराचं काम चालू असताना गल्लीत काँक्रीट रस्त्याचं काम येणार असल्याची कुणकुण लागली, तर सगळी कामं बाजूला ठेवून आधी नळाचा पाइप आणि सांडपाण्याचा पाइप रस्त्याखालून काढून घ्या. काँक्रीट झाल्यानंतर परवानगीही अवघड आणि फोडण्याचा खर्चही दुप्पट-तिप्पट. घर बांधणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते, कारण नवा रस्ता फोडून पाइप टाकल्याची खूण असलेल्या गल्ल्या शहरात जागोजागी दिसतात.

घरपट्टी की मीटर, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच देते. दोन्हींचे अर्ज समांतर करा, पण मालमत्तेच्या नोंदीला आपलं नाव आधी लावून घ्या. नळाला ते लागतंच, आणि मीटरसाठी जागेचा पुरावा म्हणूनही तोच उतारा पुढे करता येतो.

नळाबाबत तीन खबरदाऱ्या

- मोटर थेट नळाला लावू नका. तुमच्याकडे जास्त पाणी येतं, शेवटच्या घराकडे येत नाही, आणि लाइनमध्ये पोकळी झाली की गटाराचं पाणी फुटक्या सांध्यातून आत ओढलं जातं. नळाचं पाणी आधी हौदात घ्या, मग मोटरनं वर चढवा.
- नळाचा जोड गटाराच्या आत किंवा गटाराला चिकटून काढू देऊ नका. प्लंबरला ते सोपं पडतं, पण कावीळ नि जुलाब घरात येतात ते याच वाटेनं.
- जुनं घर घेतलं असेल तर पाणीपट्टीची ना-थकबाकी घ्या आणि नळाच्या नोंदीतही नाव बदला. घरपट्टीला नाव लागलं म्हणजे नळाला आपोआप लागलं, असं गृहीत धरू नका.

खेड्यात अर्ज ग्रामपंचायतीकडे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक ग्रामीण घराला नळानं माणसी दिवसाला ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट आहे. तुमचं घर गावठाणाबाहेरच्या नव्या वस्तीत असेल तर ती वस्ती योजनेच्या आराखड्यात आहे का, हे ग्रामपंचायतीत पाहा. नसेल तर ग्रामसभेत लेखी मागणी द्या आणि ती इतिवृत्तात आली का हेही तपासा.

सांडपाणी

भुयारी गटार नसलेल्या भागात सेप्टिक टँक. तो बोअरवेल किंवा विहिरीपासून लांब हवा. पाणी जिरवणारा शोषखड्डा तर पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर असावा. छोट्या प्लॉटवर हे अंतर मिळत नाही. तेव्हा बोअर घेण्याआधी शेजारच्या प्लॉटचा शोषखड्डा कुठे आहे, ते बघा. टाकीचं झाकण उपशाच्या गाडीचा पाइप पोचेल अशा जागी ठेवा, स्वयंपाकघराच्या फरशीखाली नको. आणि टाकी साफ करायला माणूस आत उतरवू नका. २०१३ च्या कायद्यानं त्यावर बंदी आहे, आणि त्या टाकीतला वायू क्षणात जीव घेतो.

गॅस

चोपड्यातल्या चोपड्यात घर बदलत असाल आणि वितरक तोच राहणार असेल तर फक्त पत्ता बदलायचा. वितरक बदलणार पण कंपनी तीच, तर ऑनलाइन हस्तांतरण होतं आणि सिलिंडर-रेग्युलेटर परत करावं लागत नाही. पुण्या-सुरतेहून गावी परत येत असाल तर तिथल्या वितरकाकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, ठेव परत घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर जपून आणा. त्या कागदावर इथे पुन्हा जोडणी मिळते. भरलेलं सिलिंडर सामानाच्या ट्रकमध्ये घालून आणू नका.

नवी जोडणी घेत असाल तर १४.२ किलोच्या सिलिंडरची ठेव जून २०२२ पासून २२०० रुपये आणि रेग्युलेटरची २५० रुपये आहे. शेगडी वितरकाकडूनच घेतली पाहिजे असं बंधन नाही. एका स्वयंपाकघराला एकच जोडणी हा नियम आहे. एकत्र कुटुंबातून वेगळं घर केलं असेल तर नव्या पत्त्याचा पुरावा द्या.

ओटा बांधताना सिलिंडरच्या कप्प्याला खालून हवा जायला जागा ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली की जमिनीलगत साचतो. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. जुन्या घरातली नळी नव्या शेगडीला लावण्याआधी तिच्यावरची तारीख वाचा. गळतीसाठी १९०६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो. तो ओट्याजवळ लिहून ठेवा.

इंटरनेट आणि केबल

यात घाई नसते, पण भिंतीत नळी टाकून ठेवा. फायबर आणण्याआधी त्याच गल्लीतल्या दोन घरांत विचारा की पावसाळ्यात लाइन किती वेळा तुटते आणि दुरुस्तीला कोण येतं. वर्षभराचे पैसे एकदम भरण्याआधी एक महिना वापरून बघा.

मुहूर्तापासून उलटं मोजा

- तीन महिने आधी : मालमत्तेच्या नोंदीला नाव, भोगवट्याचा अर्ज, वीज-पाण्याची थकबाकी तपासणं.
- दोन महिने आधी : वायरिंग पूर्ण, टेस्ट रिपोर्ट, नळजोडणीचा अर्ज आणि रस्त्याखालचा पाइप.
- दीड महिना आधी : मीटरचा अर्ज, कोटेशन आल्याच्या दिवशीच भरणा.
- पंधरा दिवस आधी : गॅसचा पत्ता, हौद धुऊन भरून ठेवणं, सगळे दिवे-पंखे-मोटर एकत्र चालवून बघणं.

काम अडलं तर

मीटर मुदतीत मिळालं नाही तर आधी कार्यालयात लेखी द्या आणि १९१२, १८००-२३३-३४३५ किंवा १८००-२१२-३४३५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. तरी हललं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्याच्या निर्णयानं समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल. तिथे तुमची बाजू तुम्हीच मांडू शकता, वकील लागतोच असं नाही. उशिराबद्दल भरपाईची तरतूद आहे, पण अर्जाची तारीख आणि पैसे भरल्याची पावती हातात असेल तरच ती मागता येते. चालू वीज थकबाकीसाठी तोडायची असेल तर पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हेही लक्षात ठेवा. बिलाबद्दल वाद असेल तर "हरकत राखून" रक्कम भरता येते आणि तोवर वीज तोडता येत नाही.

नगरपरिषदेच्या बाबतीत महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ कामाला येतो. नळजोडणी, मालमत्तेच्या नोंदीत नाव बदलणं, ना-थकबाकीचा दाखला या अधिसूचित सेवा आहेत. प्रत्येकीची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांची नावं कार्यालयाच्या फलकावर लावणं बंधनकारक आहे. अर्ज करायला जाल तेव्हा त्या फलकाचा फोटो काढा. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा, ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. त्यानंतर दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. अपिलात मोठं लिहिण्याची गरज नसते : अर्जाचा क्रमांक, तारीख, फलकावरची मुदत आणि आज किती दिवस झाले, एवढं एका पानावर पुरतं.